दोनशे मिलिसेकंद

संध्याकाळपासून लाइट आहे, हेच नवल.
माराकाइबोत असली नवलं फार टिकत नाहीत,
म्हणून एउदोमार घाईत.
"नेयदा, थांबा कमी कर. निम्म्यावर आण."

थांबा म्हणजे दोन क्लिकांच्या मधली जागा.
मी चारशे ठेवला होता.
आमचा लाकूडतोड्या, त्याला आम्ही रेंगीफो म्हणतो
(खालच्या मजल्यावरून भाडं बुडवून पळालेल्या माणसाचं नाव),
दार ढकलतो, चारशे मोजतो, आत जातो,
ओंडके कोठीत टाकतो, चारशे मोजतो,
बाहेर. चेहऱ्यावर काही नाही.
तासाला सहाशे ओंडके.
त्यांची नाणी करून, ती पनामातल्या कुणा पोराला विकून,
रात्रीअखेर
दोन किलो मक्याचं पीठ.

परवा त्यानं मला न विचारता दोनशे केलं.
पहिल्याच तासाला अकराशे ओंडके!
तो स्वयंपाकघरात नाचला.
मीही हसले, खोटं कशाला बोलू.
मग झोपलो.
दोनच्या सुमारास सर्व्हर जरा अडखळला असणार,
दाराला अडीचशे लागले असणार.
पन्नासाचा फरक. एवढ्यात पापणीही धड मिटत नाही.
रेंगीफो बंद दारावर चालत राहिला,
भिंतीला कोठी समजून रिकामे हात रिते केले,
आणि विहिरीच्या काठाला झाड समजून
कुऱ्हाड चालवत राहिला
सकाळी सातपर्यंत.
न थकता. विलक्षण वेगानं.

बाबा सरोवरातल्या तेलविहिरींवर झडपा सांभाळायचे.
काट्याची थरथर थांबल्याशिवाय चाकाला हात लावायचा नाही,
एवढं एकच वाक्य त्यांनी कामावरून घरी आणलं,
बाकी सगळे डाग.
मी ते एउदोमारला ऐकवलं.
"बाबांना महिन्याचा पगार होता," तो म्हणाला,
"थांबण्याचेही पैसे मिळायचे त्यांना."
यावर मला उत्तर सुचलं नाही.
अजून सुचलेलं नाही.

आणि चारशे तरी कुठला शहाणा?
एका रविवारी दाराला सातशे लागले होते.
चारशेही आंधळाच, फक्त काठी टेकत चालणारा.

म्हणून आज मी मोजणंच काढून टाकलं.
लिहिलं: बघ.
दाराच्या कडेचा तो एक ठिपका तपकिरी आहे तोवर उभा राहा.
काळा झाला, की पाऊल.
बघायलाही वेळ लागतो म्हणा,
या म्हाताऱ्या लॅपटॉपला एक ठिपका बघायला नव्वद.
तासाला आठशे वीस.
"अकराशे होते," एउदोमार.
"शून्यही होते," मी.
तो खिडकीशी गेला.

तिकडे दक्षिणेला सरोवरावर वीज चमकत होती,
आवाज नाही, नुसता उजेड, पुन्हा उजेड,
जवळजवळ प्रत्येक रात्री असतो तसा.
वरची वीज कधी जात नाही आमची.
खालची गेली,
तो तिकडे बघत असतानाच.

पंख्यानं उसासा टाकला. राउटरचे डोळे मिटले.
दूर कुठल्या तरी थंड देशातल्या मशीनवर
रेंगीफो कुऱ्हाड उगारून उभा असेल.
पाच मिनिटं वाट बघतील,
मग त्याला हाकलून देतील,
परत येईल तेव्हा कुठल्या गावात येईल, सांगता येत नाही.

बॅटरी अकरा टक्के.
सगळ्यांत वर, दाराच्याही आधी, झाडाच्याही आधी,
मी एक नवी ओळ घातली:
मी कुठे आहे?
आधी हे बघ. मग कुऱ्हाड.

"याला किती लागतील?" अंधारातून एउदोमार.
"दोन सेकंद. लाइट आल्यावर, एकदाच."

तो मोजायला लागला, मोठ्यानं.
एक.
सरोवरावर उजेड झाला, त्यात त्याचा कान दिसला, गंजलेली जाळी दिसली.
दोन.

"लांब आहेत गं," म्हणाला.